वाजवलं कुणी?

'सैराट' २०१६ च्या एप्रिलअखेर लागला, तेव्हा गाण्यांइतकीच एका बातमीचीही चर्चा झाली होती. अजय-अतुल यांनी या गाण्यांतला पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा भाग लॉस एंजेलिसला, सोनीच्या स्कोरिंग स्टेजवर, तिथल्या वादकांकडून वाजवून घेतला होता. करमाळ्याकडच्या गोष्टीला हॉलिवुडच्या व्हायोलिनांचा ताफा! कौतुक व्हायलाच हवं होतं आणि ते भरपूर झालं. त्या व्हायोलिनवाल्याला तिकडे पैसे कसे मिळतात, हे मात्र त्या गडबडीत कुणी विचारलं नाही.

अमेरिकेतली वादकांची संघटना जुनी आणि खमकी. १९४२ साली तिने ध्वनिमुद्रिका कंपन्यांविरुद्ध संप पुकारला आणि बड्या कंपन्यांसाठी दोन वर्षांहून अधिक काळ वाजवलं नाही. चित्रपटांसाठी वाजवणाऱ्यांचा तिकडे १९७२ पासून एक स्वतंत्र निधी आहे. संघटनेच्या करारावर झालेला चित्रपट पुढे टीव्हीवर गेला, डिस्कवर विकला गेला, की त्या कमाईतला ठरलेला वाटा वादकाच्या घरी येतो. वादक गेला तर वारसांना जातो. 'सैराट'चा करार काय होता याच्याशी इथे कर्तव्य नाही. मुद्दा तिथल्या रिवाजाचा आहे. आपल्याकडचा रिवाज सोपा. शिफ्ट संपली, सही केली, पाकीट खिशात टाकलं की वादकाचा आणि गाण्याचा संबंध संपला. मग ते गाणं पन्नास वर्षं रोज सकाळी रेडिओवर वाजो.

वादकांच्या हलाखीवर लिहायचं म्हटलं की संगणकाने त्यांचं काम खाल्लं, असं एक वाक्य तयार असतं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. यंत्राने पुढचं काम नेलं. आधीच केलेल्या कामाची कमाई मात्र यंत्र यायच्या आधीपासूनच वादकाकडे येत नव्हती. ती का येत नव्हती, याचं उत्तर स्टुडिओत कमी आणि श्रेयनामावलीत जास्त सापडतं.

धंदा बदलणं तसं नवं नाही. मूकपटांच्या काळात पडद्याखाली बसून पेटी-तबला वाजवणारे होते. १९३१ ला 'आलम आरा' आला आणि त्यांची नोकरी हळूहळू सरली. बोलपटाने नाटक कंपन्यांचंही कंबरडं मोडलं. बालगंधर्वांच्या कंपनीत अहमदजान थिरकवाँ तबल्याला आणि कादरबक्ष सारंगीला असत. अशा कलावंतांना पगारावर ठेवणारी नाटक कंपनी पुढे उरली नाही. ज्याने ही कामं घालवली, त्याच बोलपटाने मग मुंबईत नवी कामं काढली.

ती करायला आले ते मोठ्या प्रमाणावर गोव्याचे लोक. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना सुरांचं लेखन आणि व्हायोलिन शिकवलं जाई, त्यामुळे कागदावरचं नोटेशन पाहून तत्क्षणी वाजवणारे हात तिथे गावोगाव होते. ही मंडळी मुंबईत धोबीतलावच्या कुडींत, म्हणजे गोवेकरांच्या वसतिगृहांत, उतरत आणि हॉटेलांत जाझ वाजवत. दारूबंदीचा कायदा १९४९ चा. हॉटेलांचा धंदा बसला, तशी त्यांतल्या अनेकांची पावलं स्टुडिओकडे वळली. एका कायद्याने हिंदी चित्रपटसंगीताला ट्रंपेट आणि सॅक्सोफोन मिळवून दिले, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

त्या काळच्या कामाची रीत न्यूझीलंडच्या ग्रेगरी बूथ या संगीत-अभ्यासकाने वादकांना भेटून भेटून टिपली; त्याचं पुस्तक २००८ साली आलं. आपल्या सिनेमाच्या वादकांवरचं असं पुस्तक तिकडून यावं, हे जरा लागतंच. 'मेसेंजर' नावाचा माणूस वादकांना निरोप द्यायचा: अमुक वाजता, ताडदेवच्या स्टुडिओत, नाहीतर बांद्र्याला मेहबूबला. चित्रपट कुठला, गाणं कुणाचं, हे बहुधा तिथे गेल्यावर कळायचं. अरेंजरने लिहिलेले कागद स्टँडवर लागायचे. व्हायोलिनवाले ते वाचायचे, सतार-बासरीवाले आपल्या वहीत सरगम उतरवून घ्यायचे. मग तालीम, पुन्हा तालीम. गायक आला की सगळे एकदम: पन्नास-साठ माणसं, मोजके माइक, एक टेक. शेवटच्या ओळीत कुणाचा सूर चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. आज हे ऐकताना अंगावर काटा येतो, पण त्या दडपणातच वादकाची किंमत होती. न चुकणारा माणूस हवा असे, आणि असे लोक मोजकेच असत.

या माणसांना श्रेय काय मिळे? शंकर-जयकिशनची गाणी ज्या भव्य व्हायोलिनांमुळे लक्षात राहतात, ती लिहिणारे सेबॅस्टियन डिसूझा पडद्यावर 'सहायक' म्हणून येत. त्याच जोडीचे दुसरे सहायक दत्ताराम वाडकर. ढोलकवरचा त्यांचा ठेका आजही वादकांत 'दत्ताराम ठेका' म्हणूनच ओळखला जातो. हे नाव त्याला वादकांनी दिलं, पाटी लिहिणाऱ्याने नाही. आपल्याकडे प्रभाकर जोगांचं उदाहरण आहे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, तेव्हा सुधीर फडक्यांच्या सोबत व्हायोलिन घेऊन ते होते. कित्येक मराठी गाण्यांच्या मधल्या जागा त्यांच्या गजाने भरल्या. पण लोकांच्या तोंडी त्यांचं नाव बसलं ते त्यांनी 'गाणारे व्हायोलिन' काढून स्वतःच्या नावावर वाद्य वाजवलं तेव्हा, आणि चाली दिल्या तेव्हा. अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांचं संगीत-संयोजन करत होते. 'अष्टविनायक'सारख्या चित्रपटांना संगीत दिल्यावर ते 'अनिल-अरुण' झाले. वाद्य खाली ठेवल्याशिवाय नाव होत नाही, असाच हा सगळा मामला होता.

आणि अँथनी गोन्साल्विस. गोव्यातल्या माजोर्ड्याचा हा व्हायोलिनवादक प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांचा गुरू. १९५८ मध्ये त्याने मुंबईत भारतीय रागांवर सिंफनी वाजवण्याचा उद्योग केला, त्यात स्वतःची कमाई ओतली. १९६५ च्या सुमारास तो अमेरिकेला शिकायला गेला आणि परतल्यावर पुन्हा चित्रपटसृष्टीकडे वळला नाही. प्यारेलालने गुरूचं नाव १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'च्या एका गाण्यात घालून अजरामर केलं. ते गाणं लग्नात वाजलं की सगळे नाचतात. त्या नावाचा माणूस खरोखर होता, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असतं? मराठी समीक्षक अशोक राणे यांनी गोन्साल्विस यांच्यावर माहितीपट केला, त्यामुळे निदान काहींना कळलं. २०१२ च्या जानेवारीत गोन्साल्विस गेले.

यंत्राकडे येऊ. वादक यंत्राचे शत्रू होते, ही समजूत आधी काढून टाकायला हवी. सत्तरच्या दशकात सिंथेसायझर मुंबईच्या स्टुडिओत आणणाऱ्यांत केरसी लॉर्ड होते, आणि ते स्वतः वादक घराण्यातले. वडील कावस लॉर्ड तालवाद्यांचे बादशहा. चरणजित सिंग हा गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारा स्टुडिओतला माणूस. त्याने १९८२ साली रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या तालात बसवून एचएमव्हीसाठी एक रेकॉर्ड केली. ती कुणी घेतली नाही. २०१० ला युरोपात ती पुन्हा निघाली, तेव्हा तिकडचे लोक चकित झाले: अमेरिकेतलं 'अ‍ॅसिड हाउस' सुरू व्हायच्या आधीच तसलं काही एका भारतीयाने वाजवून ठेवलं होतं! म्हातारपणी चरणजित युरोपात कार्यक्रम करत फिरले. स्वतःच्या नावाची एक तरी रेकॉर्ड निघाली होती, म्हणून लोक त्यांना शोधू शकले.

यंत्राने खरं काम नेलं ते आवाजापेक्षा पद्धत बदलून. अनेक ट्रॅकवर वेगवेगळं मुद्रण करता येऊ लागलं आणि सगळ्यांनी एकदम बसायची गरज संपली. मग पन्नासांची शिफ्ट आठांची झाली, आठांची दोघांची. १९९२ च्या 'रोजा'नंतर प्रोग्रॅमिंग हीच गाण्याची पहिली पायरी झाली. वादक आता शेवटी येतो, आलाच तर.

तो आला की काय घडतं, ते पाहण्यासारखं असतं. अंधेरी किंवा गोरेगावातल्या एखाद्या इमारतीतली बेडरूम. भिंतींना करडा फोम, दाराला रबराची पट्टी. टेकच्या वेळी एसी बंद करावा लागतो, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. मे महिन्यात व्हायोलिन हनुवटीखाली धरून घाम गाळायचा म्हणजे काय ते विचारू नका. प्रोग्रॅमरने सगळी व्हायोलिनं कीबोर्डवर आधीच वाजवून ठेवलेली असतात. माणसाने त्यावर 'फील' आणायचा. वादक हेडफोनचा एक कान उघडा ठेवतो, म्हणजे स्वतःचा सूर खरा ऐकू येतो. दुसऱ्या कानात टिकटिक चाललेली. तेच आठ बार तो चारदा वाजवतो. मग खुर्ची थोडी मागे घेऊन पुन्हा तेच, लांब बसलेल्या वादकासारखं. मग खालच्या सुरांची दुसरी ओळ, तीही चारदा. पडद्याआड आठ-दहा वादकांचा ताफा तयार होतो, आणि पैसे एका माणसाच्या एका शिफ्टचे. एखाद्या टेकला गज किंचित थरथरला तर तो म्हणतो, पुन्हा घेऊ या. समोरचा स्क्रीनवरून नजर न काढता सांगतो, राहू द्या, करतो मी नीट. बारीकसारीक चूक आता त्यालाच काढता येते, आणि न चुकणाऱ्या हाताची जी किंमत ताडदेवला होती ती इथे राहिली नाही.

कोरोनानंतर तर या बेडरूममध्येही यायचं कारण उरलं नाही. ट्रॅक फोनवर येतो, घरून वाजवून फाइल पाठवायची. सोयीचं आहे, यात वाद नाही. सायनहून अंधेरीला जायचा जीव वाचतो. पण पूर्वी स्टुडिओचं भाडं निर्मात्याच्या खात्यावर पडे. आता माइक, साउंड कार्ड, खोलीचा फोम आणि तासभर बसून फाइल साफ करायची मेहनत, सगळं वादकाच्या पदरात. दर वाढला नाही, खर्च मात्र घरी आला.

स्टुडिओबाहेरचं जग मोठं आहे, तिथली गत थोडक्यात सांगतो. ऑर्केस्ट्रावाल्याचं पोट 'नाइट'वर. एका काळी मंचावर तीस-तीस वादक बसत. आता गायकाच्या मागे दोघे-तिघे आणि लॅपटॉपमध्ये मायनस-वन ट्रॅक. बेंजो पार्टी हळदीची आणि गणपतीची सुपारी घेते, लग्नसराईत रात्र अपुरी पडते आणि पितृपंधरवड्यात शुकशुकाट. त्यात गिऱ्हाइकाला डीजे स्वस्त पडतो, कारण त्याला दहा माणसांचं जेवण घालावं लागत नाही. मोडनिंब-चौफुल्याच्या संगीतबारीत पेटी आणि ढोलकीवाला पार्टीचा घटक असतो. मोठ्या मैदानावरची लावणी मात्र ध्वनिमुद्रित गाण्यावर नाचली जाते आणि ढोलकीपटू प्रेक्षकांत उभा राहतो. आकाशवाणीतल्या निलय कलाकारांच्या पगारी जागा निवृत्तीबरोबर आटत गेल्या. २०२० ची टाळेबंदी या सगळ्यांवर एकदम कोसळली आणि किती घरं आठवड्याच्या कमाईवर चालत होती, ते उघड झालं.

आता कायद्याचा भाग. तो कंटाळवाणा आहे, पण सगळी गोम तिथेच आहे.

१९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका गाजलेल्या खटल्यात निकाल दिला: गीतकार-संगीतकाराने पैसे घेऊन चित्रपटासाठी काम केलं की गाण्याच्या हक्कांचा धनी निर्माता. न्या. कृष्णा अय्यर यांनी त्याला स्वतंत्र टिपण जोडलं. कायदा रचनाकारापुरताच बोलतो, प्रत्यक्ष गाणाऱ्याच्या पदरात काही टाकत नाही, याबद्दल त्यांनी खंत व्यक्त केली. 'सादरकर्त्या'चे हक्क म्हणून काही आपल्या कायद्यात आले ते १९९४ च्या दुरुस्तीने, म्हणजे ताडदेवचे सुवर्णदिन सरून गेल्यावर. मग २०१२ ची मोठी दुरुस्ती. जावेद अख्तर त्यासाठी संसदेत आणि संसदेबाहेर झगडले, चित्रपटसृष्टीत कित्येकांचे वैरी झाले. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क मिळाला की तो करारानेही सोडून देता येत नाही. सादरकर्त्यालाही व्यावसायिक वापराबद्दल रॉयल्टी मिळेल, असं कलम आलं.

सादरकर्ता म्हणजे कोण, याच्या व्याख्येला मात्र त्याच दुरुस्तीने एक शेपूट लावलं. चित्रपटात ज्याचं काम प्रासंगिक किंवा आनुषंगिक आहे, आणि धंद्याच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ज्याचा उल्लेख श्रेयनामावलीत किंवा कुठेच होत नाही, त्याला सादरकर्ता मानायचं नाही. विकृतीकरणाविरुद्ध दाद मागायचा तेवढा हक्क त्याला ठेवला. ही तरतूद बहुधा गर्दीतल्या 'एक्स्ट्रा' कलाकारांसाठी सुचली असावी. पण शब्द वाचा आणि व्हायोलिनवाल्याला डोळ्यांसमोर आणा. सत्तर-ऐंशी वर्षं ज्यांनी त्याचं नाव घातलं नाही, त्यांच्या त्या सवयीला कायद्याने 'रिवाज' म्हटलं, आणि तो रिवाज त्याच्याविरुद्ध पुरावा झाला. एखादा चांगला वकील म्हणेल की गाण्याच्या मधला बासरीचा तुकडा आनुषंगिक कसा, तोच तर लोक गुणगुणतात. म्हणू द्या. रोजंदारीवरचा वादक हे न्यायालयात नेणार कधी आणि कुणाच्या पैशाने?

ब्रिटनने याच सुमारास काय केलं पाहा. ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत त्यांनी पन्नास वर्षांवरून सत्तरवर नेली, आणि २०१३ च्या नियमांत एक अट घातली: पन्नास वर्षं उलटल्यानंतर अशा मुद्रणातून कंपनीला जे उत्पन्न होईल, त्यातला २० टक्के भाग एकरकमी पैसे घेऊन वाजवून गेलेल्या वादकांसाठी बाजूला काढायचा. वाढीव मुदतीचा फायदा एकट्या कंपनीने खाऊ नये, एवढा साधा विचार. आपल्याकडे तो कुणाला सुचला नाही, कारण वाजवणाऱ्यांची यादीच कुठे नव्हती.

गायकांनी २०१३ मध्ये 'इस्रा' ही संस्था काढली. पुढे तिने वादकांनाही सामावून घेतलं आणि ती 'इसाम्रा' झाली. हे पाऊल मोठं आहे. गायकांना त्यांच्या हक्काचे पैसे मिळू लागले, तेव्हा एक फरक ठसठशीत दिसला. गायकाचं नाव जगजाहीर असतं. प्रवाहित संगीताच्या जमान्यात तर नावावरच सगळं चालतं: स्पॉटिफाय २०१९ ला भारतात आलं, २०२४ पासून त्याने वर्षभरात हजारदा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला पैसे देणं बंद केलं. छोट्या स्वतंत्र कलाकारांना ते झोंबलं. पण त्यांचं नाव निदान खात्यावर असतं. स्टुडिओतल्या वादकाला हजाराची अटही लागू नाही आणि लाखाचा आनंदही नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेचंही तेच. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाची यंत्राने नक्कल करायला मनाई केली. त्याच वर्षी ए. आर. रहमान यांनी एका गाण्यात दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राने परत आणले, ते घरच्यांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. छान केलं. कारण आवाज कुणाचा ते माहीत होतं, घर कुणाचं ते माहीत होतं. कुणा व्हायोलिनवाल्याची मींड असंच एखादं यंत्र उद्या शिकलं, तर परवानगी मागायला जायचं कुणाच्या दारी?

याला उपाय फार मोठा नाही. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आज एक सांकेतिक क्रमांक असतो, त्यासोबत माहिती भरायच्या जागा असतात. गायक, संगीतकार, गीतकार, कंपनी हे न चुकता भरलं जातं. वाजवणाऱ्यांची नावं भरायला पाच मिनिटं लागतील. काही संगीतकार आवर्जून भरतात. अलीकडे 'म्युझिक प्रोड्युसर'चं नाव तर ठळक येतं, बिचाऱ्या सेबॅस्टियनना हे पाहायला मिळालं नाही. पण बहुतेक ठिकाणी ही जागा रिकामीच जाते, कारण कुणी विचारत नाही आणि वादक मागत नाही. मागितलं तर पुढचा कॉल येणार नाही, ही भीती खोटी नाही.

म्हणून काही वादकांनी आता स्वतःच नोंद ठेवायला सुरुवात केली आहे, वहीत नाहीतर फोनमध्ये. तारीख, स्टुडिओ, वाद्य, किती तास. उद्या हक्क मागायचा तर कुठल्या गाण्यात वाजवलं ते सांगावं लागणार. अडतं ते गाण्याच्या नावापाशी. वाजवायला येतो तेव्हा शब्द लिहून झालेले नसतात, गायक ठरलेला नसतो, चित्रपटाचं नाव गुप्त असतं किंवा बदलणार असतं. फाइलवर लिहिलेलं असतं 'साँग थ्री न्यू फायनल टू'. नोंदीत तेच उतरतं. वर्षभराने गाणं बाहेर आलं की त्याने ते कानाने ओळखायचं, आणि मागे जाऊन त्या ओळीपुढे खरं नाव लिहायचं.